फण, सरी आणि टिक्झ

परभणीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक.चा प्रबंध लिहीत होतो. विषय बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी पेरणी यंत्र. यंत्राच्या आकृत्या ऑटोकॅडमध्ये तयार होत्या, पण त्या वर्कशॉपसाठी काढलेल्या. वेल्डरला प्रत्येक भोकाचं माप हवं असतं. वाचकाला फण कुठे, रिजर (सरी पाडणारा भाग) कुठे, एवढं कळलं तरी पुरतं. अशी आकृती पानाच्या रुंदीत बसवली की आकडे मुंग्यांसारखे दिसतात.

प्रबंध लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, इंग्रजीत होता. तीच चित्रं शेतकऱ्यांच्या मराठी पुस्तिकेतही हवी होती. शहरातल्या डीटीपीवाल्यांचा हात कोरलड्रॉवर बसलेला. पण मराठी नावं युनिकोडपूर्व फॉन्टांत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'फण' ओळखू येत नाही.

म्हणून वरंब्याचा छेद टिक्झमध्ये, म्हणजे लाटेकमध्येच चित्रं काढायच्या पॅकेजमध्ये काढला. जर्मनीतल्या टिल टॅन्टाउ यांची ही निर्मिती. इथे माऊसने रेघ ओढायची नाही, निर्देशांक लिहायचे. वरंबा, सरी, पुन्हा वरंबा असं तेच ते येत असल्याने लूप लिहून भागलं. मार्गदर्शक सर म्हणाले, "सरी ३० ऐवजी ४५ सेंमी दाखवा की." एक आकडा बदलला, बाजूचे वरंबे आपोआप सरकले, आणि सोयाबीनच्या ओळींतलं ४५ सेंमी अंतर जागचं हललं नाही.

रिजरचं वळण मात्र आकड्यांनी काढणं म्हणजे निव्वळ हट्ट. ते इंकस्केपमध्ये माऊसने काढलं. पीडीएफ काढताना त्यात मजकूर वगळायचा पर्याय आहे: रेघा पीडीएफमध्ये जातात, नावं वेगळ्या लाटेक फाइलमध्ये. चित्र कितीही लहान करा, नावं पानावरच्या अक्षरांइतकीच राहतात. प्रबंधासाठी इंग्रजी नावं, पुस्तिकेसाठी 'बियाणे पेटी', 'फण', 'रिजर'. खालचं चित्र एकच. मराठी पुस्तिका झीलाटेकवर (युनिकोड चालणारं लाटेक), मुक्त फॉन्टात; जोडाक्षरं नीट जुळली. माझ्या मते चित्राचं सॉफ्टवेअर निवडताना ते नावं कशी हाताळतं हे आधी बघावं, त्याची अवजारं नंतर.

दोन अडचणी राहिल्या. मराठी नाव लांब झालं की बाणावर चढतं. म्हणून बाणाच्या बाजूने नावाचं टोक पक्कं करून ठेवलं. रेघांची जाडी मात्र चित्राबरोबर आक्रसतेच, म्हणून चित्र छापायच्या मापातच काढलं.

सरांनी सगळं पाहून एवढंच विचारलं, "हे पॉवरपॉइंटमध्ये येईल ना?" येतं. एसव्हीजी फाइल त्यांना पेनड्राइव्हवर दिली.