चोखासागरावर स्टिरिओ? आवाज जपून, बॉस!

बोट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गेटवे, मांडवा, नाहीतर पणजीची मांडवी. बुलढाणा तर नक्कीच नाही! दुष्काळाच्या बातम्यांमधूनच आपली या जिल्ह्याशी ओळख. पण इथे एक नाही, चक्क दोन पूर्णा आहेत. उत्तरेतली पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. दक्षिणेतली खडकपूर्णा गोदावरीच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागराकडे. एकाच जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना. आहे की नाही भन्नाट?

याच खडकपूर्णेवर देऊळगाव राजा तालुक्यात मोठं धरण आहे. त्याच्या जलाशयाचं नाव संत चोखासागर. चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा याच तालुक्यातलं. इथे यॉट नाहीत, डेकवरची पार्टी नाही. मासेमारांच्या होड्या, लांबवर पसरलेलं पाणी आणि हिवाळ्यात मुक्कामाला येणारे पाहुणे पक्षी. आमच्या ग्रुपमधल्या एकाने हवा भरून फुगवायची छोटी बोट घेतली, तेव्हा पहिला प्रश्न लाइफ जॅकेटचा नव्हता. ‘स्टिरिओ कुठला लावू?’ हा होता! (लाइफ जॅकेट आधी घ्या, मंडळी.) प्रश्न मात्र वाटतो तितका उथळ नाही.

पाणी गोडं, धूळ खरी

दुकानात ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर भाळू नका, खोक्यावरचा आयपी नंबर वाचा. आयपी 67 मधला 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. आयपीएक्स 7 लिहिलं असेल तर धुळीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात काठावरची बारीक माती कुठे कुठे जाते, हे इथे एकदा आलात की कळेल. म्हणून 67 च बघा. समुद्रावर खरा शत्रू मीठ. मालवणला किंवा मांडव्याला नेलात तर घरी आल्यावर स्पीकर गोड्या पाण्याने धुवा. इथे ती कटकट नाही, पण ऊन प्लास्टिक आणि रबर खातं. आणि हो, वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारा असं नव्हे. दोरीने बांधाच.

भिंती नाहीत, मग बेस कुठला?

हॉलमध्ये दणदणीत वाजणारा स्पीकर पाण्यावर एकदम मवाळ होतो. कारण सोपं आहे. घरात भिंती आवाज परत फेकतात, उघड्यावर तो निघूनच जातो. अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलने पडतो. त्यात वारा आणि इंजिन. यावर उपाय मोठा स्पीकर नाही, जवळचा स्पीकर आहे. एकाच धटिंगणापेक्षा दोन छोटे घ्या, डावीकडे एक, उजवीकडे एक, तोंडं आतल्या बाजूला. एकमेकांशी जोडता येणारी ब्लूटूथची जोडी असेल तर छोट्या बोटीत तेवढ्यात काम होतं.

कायमची सिस्टिम बसवायची असेल तर पीएमपीओचे हजारो वॉट विसरा, आरएमएस विचारा. दोन्ही मिळून 50 वॉट आरएमएस म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 4 अँपिअर. 40 अँपिअर-अवरची बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली, तर फुल व्हॉल्यूमवर पाच तास. इंजिनची बॅटरी वेगळी ठेवा, नाहीतर गाणी संपतील आणि वल्ही मारत परत यावं लागेल. फ्यूज बॅटरीच्या जवळच लावा.

सगळ्यात महत्त्वाचं बटण

आता मुद्द्याचं. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड होते, वरची ऊबदार राहते. मग आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पाण्यावरून लांबपर्यंत सरकत जातो. म्हणजे बोटीत तुम्हाला ‘जरा कमीच वाजतंय’ असं वाटतं, तेव्हा समोरच्या काठावर सगळं ऐकू जात असतं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांना तुमची प्लेलिस्ट नको असते. दचकून थवा उडाला की त्यांचा विसावा आणि खाणं दोन्ही जातं. जाळी टाकून बसलेल्या माणसासाठी तर ते पाणी म्हणजे त्याचं ऑफिस आहे. तुमच्या क्युबिकलमध्ये कुणी ढोल वाजवला तर?

म्हणून माझ्या मते बोटीचा चांगला स्टिरिओ तो, जो बोटीतच संपतो. एक सोपी टेस्ट करा. इंजिन बंद करा, एकाला काठावर उतरवा आणि थोडं दूर जा. त्याला शब्द कळत असतील तर आवाज जास्त आहे. थवा दिसला तर सरळ बंद. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्यानेच मनाई आहे.

कान तयार झाले की पुढे लोणारला जा. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, उल्कापाताने बसाल्टमध्ये पडलेलं विवर. तळाशी खारट, अल्कधर्मी पाणी. हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही. इथे स्पीकर बॅगेतून काढायचाच नाही. झाडीत उतरताना मोराची केका ऐका. तिला कुठलाच अँप्लिफायर लागत नाही.

कसं जाल?

रेल्वेने जालना, तिथून रस्त्याने देऊळगाव राजा. गाडी असेल तर 5 जून 2025 पासून पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहेच. सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी थांबा, मग लोणार. जलाशयात बोट उतरवण्याआधी पाटबंधारे खात्याकडे परवानगीची चौकशी करा. सीझन? हिवाळा. सोबत दुर्बीण घ्या, स्पीकरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.