मेणाच्या ठोकळ्यात जपलेले निदान

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सकाळी मढच्या धक्क्यावरून वर्सोव्याला निघालेल्या बोटीत एक तरुण मांडीवर पिशवी घट्ट धरून बसला होता. पिशवीत बिस्किटांचा रिकामा डबा आणि डब्यात कापसात गुंडाळलेले मेणाचे लहान लहान ठोकळे होते. प्रत्येक ठोकळ्यात त्याच्या आईच्या मोठ्या आतड्याचा एकेक तुकडा बंदिस्त होता. वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी, तेथून लोकलने दादर आणि पुढे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय, असा त्याचा मार्ग होता. निघण्यापूर्वी त्याने मला फोनवर विचारले, “डॉक्टर, उन्हानं हे वितळणार तर नाहीत ना?” हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते, तेव्हा बोटीतल्या उन्हाची भीती नव्हती. मात्र उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डबा ठेवू नकोस, असे मी बजावले.

त्याची आई अडुसष्ट वर्षांची. आयुष्यभर मासळी विकलेली, माझ्या दवाखान्याची वीस वर्षांची रुग्ण. मी तिला मावशी म्हणतो. टोपली उचलताना दम लागतो, ही तिची तक्रार होती. हिमोग्लोबिन ८ भरले. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, ते १० वर गेले आणि मी समाधान मानले. चार महिन्यांनी ते पुन्हा ७.५ वर उतरले. या वयात अंगातले लोह नेमके कोठे गळते आहे, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो विचारला नाही, ही चूक माझी. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातली गाठ बराच काळ मुकी राहते. तेथे मळ पातळ असल्याने अडथळा उशिरा येतो, आणि झिरपणारे रक्त मळात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. मावशीची गाठ तेथेच होती. दुर्बिणीच्या तपासणीत ती सापडली आणि उपनगरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली.

आता खरी गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी मला एका अनोळखी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या विकृतितज्ज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट होत्या. त्यांनी मावशीला कधी पाहिले नव्हते. त्यांचा प्रश्न एवढाच होता: “या बाईंच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का?”

मी क्षणभर गप्प झालो. मावशीचा धाकटा भाऊ चव्वेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कर्करोगाने गेला होता. बहिणीचे गर्भाशय कर्करोगामुळेच काढले होते. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, पण मनाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत पडून होत्या. तपासणीच्या अर्जावरील कौटुंबिक इतिहासाचा रकाना अर्थातच कोरा होता.

पॅथॉलॉजी म्हटले की आपल्याला रक्त-लघवी तपासणीची पाटी आठवते. परंतु शरीरातून काढलेल्या प्रत्येक गाठीचा न्याय याच शाखेत होतो. ज्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानतात ते डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१ साली टाटा मेमोरियल सुरू झाले तेव्हापासून तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते. कर्करोगाच्या रुग्णालयात शल्यविशारदाइतकेच मोल सूक्ष्मदर्शकालाही असते, ही दृष्टी आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. काढलेला आतड्याचा भाग फॉर्मालिनमध्ये मुरवतात, निवडक तुकडे मेणात बसवतात आणि त्यांचे केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ काप रंगवून पाहतात. गाठ भिंतीत किती खोल गेली, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, हे पाहतात. शेजारच्या लसिकाग्रंथी किमान बारा तरी शोधून तपासाव्यात, असा दंडक आहे. हे काम चिकाटीचे असते, आणि त्यासाठी रुग्णाचे आभार क्वचितच लाभतात.

मावशीच्या कापांत त्या बाईंना कर्कपेशींच्या गर्दीत शिरलेल्या असंख्य लसिकापेशी दिसल्या. त्यावरून त्यांना संशय आला. आपली पेशी विभागताना आपल्या जनुकांची नक्कल करते, आणि नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिने तिच्यापाशी असतात. पोथी उतरवणाऱ्या लेखनिकामागे शुद्धलेखन तपासणारा बसावा, तसे. या कामातली चार प्रथिने त्यांनी खास रंगांनी तपासली. मावशीच्या गाठीत त्यांतली दोन, एमएसएच-२ आणि एमएसएच-६, नाहीशी होती. तपासनीसच नाही म्हटल्यावर चुका साचत जातात आणि कर्करोग उद्भवतो. ही विशिष्ट जोडी गायब असली की दोष बहुधा जन्मजात असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

या एका अहवालाने दोन निर्णय फिरवले. लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या, आजार दुसऱ्या टप्प्यातला होता. अशा टप्प्यात, दुरुस्ती-प्रथिने नसलेल्या गाठीला नेहमीच्या एकट्या फ्लुरोयुरासिल औषधाचा लाभ होत नाही. मावशीची केमोथेरपी टळली. आजार पसरलेला असता तर याच दोषामुळे रोगप्रतिकारशक्ती जागवणारी औषधे उपयोगी ठरण्याचा संभव मोठा होता. पसरलेल्या आजारात आणखी एक तपासणी महत्त्वाची असते, ती रास जनुकांची. त्यांत बदल असेल तर सेटुक्सिमॅबसारखे महागडे इंजेक्शन निरुपयोगी ठरते. ते आधी कळले, तर कुटुंब कर्जात बुडत नाही.

दुसरा निर्णय मुलांचा. लिंचचा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ठोकळे परळला नेले ते दुसऱ्या मतासाठी आणि आनुवंशिक सल्ल्यासाठी. तेथे रक्ततपासणीने दोष निश्चित झाला. डबा मांडीवर घेऊन बसलेल्या मुलातही तो निघाला. वय अडतीस, तक्रार कसलीच नाही. दुर्बिणीतून दोन कोंब सापडले आणि तेथेच काढून टाकले. कोंबाचा कर्करोग व्हायला एरवी वर्षानुवर्षे लागतात, पण या दोषात ती वाट फार आखूड होते. म्हणून आता दर एक-दोन वर्षांनी त्याची तपासणी व्हावयाची आहे.

तुमच्या घरी असा प्रसंग आला तर तपासणीच्या अर्जावर नातलगांचे कर्करोग, त्या वेळच्या वयासह, स्वतः लिहवून घ्या. अहवालात दुरुस्ती-प्रथिनांचा उल्लेख नसेल तर विचारा. ठोकळे किती दिवस ठेवतात हेही प्रयोगशाळेत विचारा, कारण ते कायमचे ठेवले जात नाहीत. दुसरीकडे नेले तर पोच घ्या, आणि काम झाल्यावर परत मागा.

मावशी आता धक्क्यावर बसत नाही, पण सुकटीचा व्यवहार तिच्याच हाती आहे. मुलगी वसईला दिली आहे, वय एकेचाळीस. तिची रक्ततपासणी अजून झालेली नाही. सासरी कळले तर आपल्या पोरींच्या लग्नात अडचण येईल, असे ती म्हणते. मी दोनदा बोललो. गेल्या आठवड्यात मावशी म्हणाली, “नारळी पौर्णिमेला येईल ना ती, तेव्हा तुम्हीच घरी या डॉक्टर. तुमच्यासमोर ती नाही म्हणणार नाही.” मी जाणार आहे.