पाणी सोसणारी फळी

कुरखेड्यात घर सुधारायला काढलं की पैसा सपरीपासून, म्हणजे पुढच्या पडवीपासून, आत सरकत जातो. आधी सपरीला फरशी, मग समोरच्या खोलीला रंग, मग संडास-न्हाणी, जमलंच तर एका खोलीवर स्लॅब. सयपाकघरापर्यंत येता येता गाठ रिकामी होते आणि धान विकून आलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या वाटेला लागते. म्हणून इकडच्या कितीतरी घरांत पुढे टाइल्स चकाकतात आणि मागे कवेलूखाली, सारवलेल्या भुईवर, घरची बाई फुंकणी घेऊन बसलेली असते. गॅस आला, मिक्सर आला, फ्रीज आला. त्यांना जागा मात्र कुणी करून दिली नाही. शेगडी एखाद्या जुन्या टेबलावर, मिक्सर खिडकीत, आणि सिलिंडर जिथे पाय अडखळेल तिथे. ज्या खोलीत बाईचा अर्धा दिवस जातो तिचा नंबर शेवटी लागावा, हे मला लग्न होऊन या घरात आल्यापासून सलत होतं.

आमचं सयपाकघर जुनं होतं, पण वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मयाल, त्यावर फाटे, बांबू आणि कवेलू. सगळं वरचं लाकूड धुराने काळंभोर झालेलं, हात लावला तर बोट काळं होईल असं. मला वाटायचं, हे कधी एकदा पुसून काढते. पण तो धूरच त्या छपराची राखण करत होता. बांबूच्या आत पिठूळ अंश असतो, त्याच्यासाठी घुण येते आणि आतून पोखरते. रोज दोन वेळा धूर बसलेल्या बांबूला ती सहसा लागत नाही. चूल सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात, गेली, आत गॅस आला, आणि काही वर्षांत सकाळी झाकणावर, पाण्याच्या गुंडीवर, निवडून ठेवलेल्या डाळीवर बारीक पिवळट भुकटी पडायला लागली. मान वर करून पाहिलं तर बांबूला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडलेली. चुलीसोबत घराची एक जुनी व्यवस्था निघून गेली होती आणि तिच्या जागी दुसरी काही आलीच नव्हती. सयपाकघर नव्याने करायचं ठरलं ते त्या भुकटीमुळे.

पहिला विचार अर्थातच सागवानाचा. वडसा वनविभागाच्या रानात राहणाऱ्या माणसाला लाकूड म्हटलं की सागवानच आठवतं. आलापल्लीच्या रानातला साग, बल्लारपूरच्या डेपोतल्या थप्प्या, यांचा इकडे सगळ्यांनाच अभिमान आहे. 2023च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथलं सागवान बल्लारपुराहून निघालं तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे होते. आमच्या घराच्या पुढच्या दाराची चौकटही सागाचीच आहे, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची. तिला ना वाळवी लागली, ना ती वाकली. पण ते दिवस वेगळे होते. आज डेपोतून लिलावाचं लाकूड घ्यायचं, पास काढायचा, चिरायचं, वाळवायचं आणि मग मिस्त्रीची मजुरी द्यायची, म्हणजे आमच्यासारख्या पगारदार घराचा घाम निघतो. मिस्त्रीने दिलेला आकडा ऐकून आम्ही दोघं नवरा-बायको बराच वेळ काही बोललो नाही.

मग तयार कॅबिनेटचा विचार आला. नागपूरहून वडशाला आणि तिथून टेम्पोने कुरखेड्याला, चपटे पुठ्ठ्याचे खोके येऊन पडले. खर्च मिस्त्रीच्या आकड्याच्या निम्म्याच्याही आत. सासूबाईंनी एक खोका उघडायला लावला, आतली पाटी हातात घेतली, नखाने तिची कड खरवडून पाहिली आणि विचारलं, ‘‘हे फळी पानी सोसन का वं?’’

या सगळ्या कामात कुणी विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तो होता. दुकानदाराने रंग दाखवले, हँडल दाखवली, आपोआप हळू मिटणारे कप्पे दाखवले. पाण्याचं नाव काढलं नाही. तयार कॅबिनेटची पाटी बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डची असते, म्हणजे लाकडाचा बारीक चुरा राळेत कालवून, उष्णतेखाली दाबून केलेली. वरून चकचकीत कागदी थर असतो. त्या थरावर सांडलेलं पाणी पुसून घेतलं की काही होत नाही. तिचं मरण कडेला असतं. कड उघडी राहिली, तिथली पट्टी सुटली, किंवा नळासाठी पाडलेलं भोक तसंच कोरं सोडलं, की चुरा पाणी पितो आणि फुगतो. फुगलेली पाटी वाळली तरी पहिल्यासारखी होत नाही. प्लायवूडचं तसं नाही. त्यातही 303 नंबरचं साधं आणि 710 नंबरचं पाण्याला टिकणारं, असे भारतीय मानकाचे शिक्के असतात. ते पाहून घेतले तर फसवणूक टळते.

तेव्हा सासूबाईंच्या प्रश्नाला आम्ही काम करूनच उत्तर दिलं. मोरीच्या खाली पार्टिकल बोर्ड लावलंच नाही. तिथे कडाप्प्याचे उभे दगड आणि मधे 710चं प्लाय, दार नाही, वारा खेळता. बाकीच्या पेट्यांना खाली उंची कमी-जास्त करता येणारे प्लास्टिकचे पाय लावले, म्हणजे फरशी धुतली तरी पाटीला पाणी शिवत नाही आणि आषाढ-श्रावणाची झड लागली की भिंतीतून वर चढणारी ओलही तिथवर पोचत नाही. प्रत्येक भोकाच्या आत बोटाने सिलिकॉन फिरवून घेतलं. पेट्या मातीच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवल्या. वरची लटकती कपाटं तर मातीच्या भिंतीला लावायचीच नसतात. भरलेल्या कपाटाचं ओझं पेलायला स्क्रूला विटा-सिमेंट लागतं, मातीत प्लास्टिकची गिट्टी पकडत नाही. एका बाजूला नवी विटांची भिंत होती, तेवढ्यावर एक कपाट टांगलं. उरलेल्या ठिकाणी जुनी स्टीलची मांडणीच परत लावली. ती माझ्या लग्नातली आहे आणि तिच्यावर ताटं उभी दिसली की मला बरं वाटतं.

जोडणी नवऱ्याने आणि मुलीने केली. ती पाहण्यासारखी असते. एका पाटीच्या कडेला आठ मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या, त्या समोरच्या भोकांत अचूक बसतात. मग एका पाटीत पिन, दुसरीत गोल लॉक. पिनेचं डोकं लॉकच्या खाचेत गेलं की पेचकसाने अर्धा फेरा, आणि दोन पाट्या एकमेकींना घट्ट धरतात. आतल्या बाजूला छिद्रांची उभी ओळ असते, दोन छिद्रांत बरोबर 32 मिलिमीटरचं अंतर. फळी वर घ्या, खाली घ्या, हे माप जगभर चालतं. दाराच्या कब्ज्यासाठी 35 मिलिमीटरचा गोल खड्डा आधीच कोरलेला असतो. मुलगी एकेक लॉक फिरवताना जीभ दातात धरून बसायची. एक पाटी उलटी लागली होती, ती तिनेच ओळखली, कारण छिद्रांची ओळ बाहेर आली होती. तिच्या शाळेच्या भूमितीचा इतका सरळ उपयोग मी आधी पाहिला नव्हता.

तयार सयपाकघरांचं हे सगळं सुरू कुठून झालं ते मी नंतर वाचून काढलं. 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक सयपाकघर आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटर. आगगाडीच्या डब्यातल्या सयपाकघरासारखं, सगळं हाताशी. अशी दहा हजारांच्या आसपास सयपाकघरं त्या वसाहतींत बसवली गेली. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडल्या. पिठाचे कप्पे त्यांनी ओक लाकडाचे केले, कारण त्या लाकडामुळे पिठात किडे होत नाहीत. आपण तांदळात कडुलिंबाचा पाला घालतो, तोच विचार. आणि दुसरी, त्या छोट्याशा जागेतही बसून काम करायला एक फिरतं, उंची बदलणारं स्टूल होतं. बाईने आठ तास उभंच राहावं असं त्यांनी धरलं नव्हतं.

आजच्या तयार सयपाकघरातून ते स्टूल कुठे हरवलं कोण जाणे. आता ओटा बहुधा चौतीस इंचाच्या आसपास असतो. त्यावर शेगडी, शेगडीवर गंज, म्हणजे उभट पातेलं. आमच्याकडच्या बाया पाच फुटांच्या आत-बाहेरच्या. त्या उंचीला गंजातलं वरण ढवळायचं तर खांदा उचलावा लागतो, आणि संध्याकाळी तोच खांदा भरून येतो. काम करायची जागा कोपरापेक्षा चार-पाच बोटं खाली असावी, एवढं साधं माप आहे. आम्ही माझ्या कोपराला टेप लावून शेगडीखालची पेटी कमी उंचीची मागवली आणि तो भाग बाकीच्या ओट्याहून खाली ठेवला. बघायला ओटा एकसंध दिसत नाही. पाहुणे विचारतात. पण माझा खांदा दुखत नाही.

सासूबाईंचा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता. त्यांचा जन्म भुईवर बसून काम करण्यात गेला. पावशी, म्हणजे विळी, पायाखाली दाबून अंबाडीची भाजी त्या जशी बारीक चिरतात तशी मला ओट्यावर सुरीने जमत नाही. जवस कुटायचा तर खलबत्ता मांडीपुढेच हवा. परातीत पीठ मळायचं तर अंगाचं वजन वरून यावं लागतं. नकाशात त्या भिंतीला अजून दोन पेट्या बसत होत्या. दुकानदार म्हणाला, जागा वाया जाईल. मी त्या दोन पेट्या रद्द केल्या. तिथे खिडकीखाली भुई मोकळी ठेवली, फरशी खरखरीत घेतली म्हणजे पाट सरकणार नाही, आणि बसल्या हाताला पोचेल असा बुटका फळा भिंतीशी केला. तो फळा मात्र सागाचा आहे. सांदवाडीतल्या जुन्या कोठ्याचं दार पडून होतं, त्याचा. मिस्त्रीने रंधा फिरवला तेव्हा आतून असा सोनेरी रंग निघाला आणि असा तेलकट वास सुटला की सासूबाई काम सोडून येऊन उभ्या राहिल्या.

माझं म्हणणं इतकंच आहे की स्वस्त वस्तूला कमी लेखू नये आणि तिच्यावर आंधळा भरवसाही टाकू नये. मातीची भुई तरी कुठे दणकट होती? दर आठवड्याला शेणामातीचा हात फिरायचा म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पार्टिकल बोर्डालाही राखण लागते, फक्त तिची रीत निराळी. ओलं फडकं दारावर वाळत घालायचं नाही. वाफेचा कुकर वरच्या कपाटाखाली सोडायचा नाही. कडेची पट्टी उचललेली दिसली तर त्याच दिवशी चिकटवायची. सासूबाईंना हे मी एकदाच सांगितलं. आता मुलगी भांडं ओलं ठेवायला गेली की त्याच तिला हटकतात.

जे या पेट्यांत मावत नाही त्याचीही सोय लागली. तांदळाची कोठी कप्प्यात ठेवायचा हट्ट केला नाही, सरकत्या कप्प्याच्या चॅनलला ते वजन झेपत नाही. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक असतं, घर पाहुण्यांनी भरतं. त्या दिवसांचे मोठे गंज आणि परात माळ्यावरच आहेत. तोच बांबूचा माळा, पण पोखरलेले बांबू काढून नवे घातले, आणि घालण्याआधी ते सांदवाडीतल्या चुलीवर महिनाभर धुराला धरले. ही युक्ती सासूबाईंची.

शेजारच्या काकू परवा येऊन सगळं पाहून गेल्या. त्यांनी कप्पे उघडले, कब्जे हलवून पाहिले, मोरीखाली वाकून पाहिलं. त्यांचं घर धान निघाल्यावर सुरू होणार आहे आणि या खेपेला सयपाकघर आधी, असं त्यांनी नवऱ्याला बजावलंय. जाताना त्यांनी माझ्याकडून सुतळी मागून घेतली. सासूबाईंनी त्यांना भिंतीशी सरळ उभं केलं, कोपरापासून भुईपर्यंत सुतळी सोडली, कोपराच्या पाच बोटं खाली गाठ मारली आणि म्हणाल्या, ‘‘दुकानवाल्याले हे दाखवजो. तो सांगन ते माप घेऊ नको.’’