वाळूवरचा पडाव

ग्वाल्हेरच्या माणसाला समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकातला धडा. आमचे घर पडावात, रेल्वे स्टेशनाजवळ. तिथे वाळू पाहिली ती शेजारी बांधकाम निघाले की रस्त्यावर ओतलेली! त्यामुळे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील कासालबोर्दिनो या गावी जाण्याचा योग आला, तेव्हा हौस होती ती अनवाणी वाळूत चालण्याची.

मूळ गाव टेकडीवर आणि खाली समुद्राकाठी त्याची छोटीशी वस्ती. बारीक, पिवळसर वाळू. तिच्यावर रांगेने उघडलेल्या भाड्याच्या छत्र्या आणि आरामखुर्च्या. एड्रियाटिकचे पाणी उथळ. बरेच आत गेले तरी गुडघे जेमतेम भिजतात. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, इथे तो समुद्रातून वर येतो. आज्या नातवंडांच्या मागे टोप्या घेऊन धावत होत्या. त्यासाठी भाषा समजावी लागत नाही.

किनाऱ्यालगतच्या जुन्या रेल्वेमार्गावर आता सायकलींची वाट झाली आहे. तिने उत्तरेकडे गेले की सांग्रो नदीचे मुख लागते. जवळच टेकडीवर दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची दफनभूमी आहे. 2,500हून अधिक थडगी, आणि त्यांच्यातच एक स्मारक, ज्यांच्या देहाला अग्नी दिला गेला अशा 500हून अधिक भारतीय सैनिकांचे.

1943च्या नोव्हेंबरात इथे जर्मनांची बळकट फळी होती. पावसाने सांग्रो फुगली, बांधलेले पूल वाहून गेले. तरी आठवी भारतीय डिव्हिजन पलीकडे गेली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. बेळगावच्या वाचकांना या रेजिमेंटची ओळख करून द्यायला नको. पुढे 10 जुलै 1944 रोजी तिच्याच तिसऱ्या पलटणीतले, माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. सांग्रोच्या दगडावरील नावांना कुठले पुतळे?

पडाव म्हणजे मुक्काम. 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरला पडला, आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. तंबूंच्या जागी वाडे उठले, दक्षिणेतली माणसे उत्तरेची झाली. सांग्रोकाठचा पडाव मात्र उठला तो उठलाच. काहीजण मागे राहिले ते अक्षरांपुरते.

आणि युद्ध तरी कोणाचे? 1939मध्ये व्हाइसरॉयने भारताला न विचारताच ते जाहीर केले. 1942च्या चळवळीतले पुढारी तुरुंगात असताना ही मुले परमुलखात लढत होती. म्हणून की काय, स्वातंत्र्याच्या कथेत त्यांना जागा सापडत नाही. पण गुलाम देशाच्या या मुलांनी दुसऱ्या देशाची फॅसिस्टांपासून सुटका करण्यात वाटा उचलला, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांपैकी एकच निवडावे असे मला वाटत नाही.

दगडावरील नावे रोमन लिपीत आहेत. येणारा कोणीही ती वाचील. पण त्यांतल्या मराठी नावांचा उच्चार त्यांच्या आईने केला असेल तसा करणे आपल्यालाच जमेल. मी ती एकेक करून मोठ्याने वाचली. खालून समुद्राचा आवाज येत होता.