चाकणचा कांदा आणि आमची गॅलरी

चाकण म्हटले की इतिहासाच्या माणसाला संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. मोटारींच्या धंद्यातल्या माणसाला फोक्सवॅगनचा कारखाना आठवतो. तो २००९ साली सुरू झाला. आमच्या घरात मात्र चाकण म्हणजे कांदा. त्याला कारण आमची फजिती.

आम्ही राहतो निगडीला, प्राधिकरणात. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका शनिवारी आम्ही दोघे सहज म्हणून चाकणच्या बाजाराला गेलो. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणी ओलांडली. पूर्वी इथून पुढे शेते लागत. आता गोदामे लागतात आणि कंटेनरांची रांग लागते. त्या रांगेतून वाट काढत बाजारात पोचलो, तर लालबुंद, ताज्या कांद्याचे ढीग! भावही उतरलेला. माझ्यातला हिशेबी कारकून जागा झाला. म्हटले, एक गोणीच घेऊ, चार महिन्यांची काळजी मिटली.

ढिगामागे बसलेल्या मावशी सौ.ला म्हणाल्या, "ताई, ह्यो कांदा ठेवणीचा न्हाई. पाच किलो न्या नि खाऊन टाका."

गिऱ्हाईक जास्त माल मागते आहे आणि विकणारी कमी घ्या म्हणते आहे, हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. अर्थात ऐकले नाही. गोणी घरी आणली, थंडी-दवाचे लागू नये म्हणून गॅलरीत प्लॅस्टिक पांघरून ठेवली आणि शेजारी बटाट्याची पिशवी लावून दिली. तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले. त्यांनी तक्रार केली नाही, नुसते नाक धरून उभे राहिले.

एप्रिलात सौ. एकटीच चाकणला गेली. मावशींना शोधून काढून तिने सगळा धडा घेतला. खरिपाचा कांदा पाणीदार, त्याची मान जाड. तो खाऊन संपवायचा. जानेवारी-फेब्रुवारीचा रांगडाही फार दिवस काढत नाही. ठेवणीचा कांदा एकच, उन्हाळी. तो काढल्यावर पातीसकट शेतातच सुकू देतात, मग बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापतात आणि सावलीत आणखी दहा-पंधरा दिवस वाळवतात. मान मिटली म्हणजे रोग आत शिरायचे दार बंद झाले. चाळ बांधतात तीही जमिनीपासून उंच, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी. कांद्याला पावसाची भीती आहेच, पण त्याहून अधिक भीती कोंडलेल्या दमटपणाची. आणि बटाटा शेजारी नको. त्याचा ओलावा कांद्याला बाधतो. बटाट्याला अंधार हवा, नाहीतर तो हिरवा पडतो आणि मग खाण्याच्या कामाचा राहत नाही.

सौ.ने माळ्यावरची सुंभाची खाट उतरवली, गॅलरीत विटांवर चढवली आणि तिच्यावर कांदा पसरला. ही आमची चाळ! दर रविवारी कांदे हाताने फिरवायचे, मऊ पडलेला, कोंब आलेला वेगळा काढायचा, हे काम माझ्याकडे आले. त्या वेगळ्या काढलेल्या कांद्यांतले मऊ फेकायचे, पण कोंबवाले त्याच दिवशी चिरायचे. त्यामुळे आमच्याकडे रविवारी ठरून कांद्याची पीठ पेरलेली भाजी. लहान कांदे निघाले तर दाण्याचे कूट आणि गोडा मसाला भरून भरले कांदे. आषाढातल्या कांदेनवमीला भजी आणि थालिपीठ. आई असती तर नवमीनंतर थेट कार्तिकीपर्यंत कांदा बंद झाला असता. आम्ही तेवढे कडक राहिलो नाही. त्या वर्षी आमचा कांदा दसऱ्यापर्यंत पुरला.

खाटेवरचे हे कांदे फिरवताना मला चाकणचे आंदोलन उमगले. बर्नची युनिव्हर्सल पोस्टल युनियनमधली नोकरी सोडून शरद जोशी इथल्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि कांद्याच्या भावाने त्यांना शेतकऱ्याचा हिशेब शिकवला. १९८० साली त्यांच्या हाकेवर शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. मी ते तेव्हा वर्तमानपत्रात वाचले होते आणि 'आता कांदा महागणार' एवढेच मनात आले होते. ज्याच्याजवळ चाळ नाही, त्याला सगळ्यांचा कांदा एकदम निघतो तेव्हाच, मिळेल त्या भावाला विकावे लागते. आम्हाला एक खाट पुरली. त्याला शेकडो गोण्यांची सोय लागते, आणि तीही कर्ज फिटायच्या आधी. आज राजगुरुनगरला कांदा-लसणाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथून निघालेल्या 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' या जाती ठेवणीला चांगल्या. पण जात चांगली झाली तरी जमीन लागतेच.

यंदा एप्रिलात आम्ही पुन्हा गेलो. मावशींनी न विचारता दोन गोण्या बाजूला काढल्या.

"एकच द्या," मी म्हणालो.

"दोन न्या, दादा. पुढच्या सालाला माझा न्हाई गावायचा."

रान गेले होते. दोघा मुलांनी ते विकले होते. तिथे गोदाम उठणार होते. धाकटा एका कारखान्यात कंत्राटी कामावर लागला होता. मावशी हे रडत सांगत नव्हत्या. पैसे आले, घर बांधले, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, हेही त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "फकस्त बी व्हतं घरचं. सासूच्या हातचं. यंदा धरलंच न्हाई. लावनार कुठं?"

आम्ही दोन्ही गोण्या घेतल्या.

आज दिवाळीच्या तोंडाशी खाटेवर पंधरा-वीस कांदे उरले आहेत. गेल्या रविवारी तीन कांद्यांना कोंब आलेले दिसले. मी सवयीने ते विळीकडे नेत होतो, तेवढ्यात सौ.ने ते माझ्या हातून काढून घेतले आणि तुळशीशेजारच्या मोठ्या कुंडीत लावले. आता चांगली वीतभर पात आली आहे. झुणक्यासाठी थोडी मागितली, तर मिळाली नाही. पात कापायची नाही, थंडीत दांडे वर येऊ द्यायचे, गोंडे धरू द्यायचे आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बी झाडून घ्यायचे, असा तिचा बेत आहे. ते बी कुणाच्या रानात पडायचे, ते मात्र तिने अजून सांगितलेले नाही.