अहिंसेच्या बाजूनेही माप खरे हवे

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला, की आपल्या अनेक घरांतून तिकडे फोन जातात. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला असतो, कुणाची लेक टेक्सासमध्ये. काळजी स्वाभाविकच आहे. परंतु त्याच दिवशी वृत्तवाहिन्यांवर आणि मोबाइलवर एक वाक्य हमखास फिरू लागते, की तिथे बंदूक भाजीसारखी विकत मिळते. आपण अहिंसाधर्मी, शस्त्राविषयी वाईट ऐकले की ते पडताळून पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. मला वाटते, आपल्या सत्याणुव्रताची परीक्षा नेमकी येथेच असते.

आधी वस्तुस्थिती पाहू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदुकीचा परवाना मागावा लागतो आणि तो नाकारलाही जातो. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे शस्त्र बाळगणे हा हक्क मानला जातो. तरीही हक्क म्हणजे मोकळे रान नव्हे. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेणाऱ्याला सरकारी अर्ज भरावा लागतो आणि १९९८ पासून चालू असलेल्या केंद्रीय यंत्रणेकडून त्याची पूर्वपीठिका तपासली जाते. इंटरनेटवरून दुकानदाराकडे मागवलेली बंदूकही सहसा घरी येत नाही. ती ग्राहकाच्या जवळच्या परवानाधारकाकडे जाते व तपासणी तेथे होते. यंत्रबंदुकांवर १९३४ पासून निर्बंध आहेत आणि १९८६ नंतर बनलेल्या यंत्रबंदुका सामान्य नागरिकाला घेताच येत नाहीत. बातम्यांत वारंवार दिसणाऱ्या ‘एआर–१५’ मधील ‘एआर’ ही अक्षरे ‘आर्मालाइट’ या कंपनीच्या नावावरून आली आहेत. घोडा एकदा दाबला की त्यातून एकच गोळी सुटते. आपल्या मुलांसाठी महत्त्वाचे म्हणजे, विद्यार्थी वा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना काही अपवाद सोडता बंदूक घेण्यास किंवा बाळगण्यास मनाई आहे.

आता दुसरी बाजू. ‘तिथे प्रत्येक खरेदीची तपासणी होते’ हे विधानही तितकेच खोटे आहे. एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात केंद्रीय कायदा तपासणीची सक्ती करीत नाही. कॅलिफोर्नियात असा व्यवहार परवानाधारकामार्फतच करावा लागतो. टेक्सासमध्ये तशी अट नाही. म्हणून ‘अमेरिकेचा कायदा’ असे एका दमात बोलणाऱ्याचे निम्मे बोलणे आधीच चुकलेले असते.

कुणी म्हणेल, बंदूक वाईटच. मग तपशिलात थोडे इकडेतिकडे झाले तर काय बिघडले? बिघडते ते असे. २०१५ मध्ये चार्ल्सटन येथील चर्चमध्ये नऊ जणांचा बळी गेला. मारेकरी बंदूक घेण्यास अपात्र होता; परंतु तीन कामकाजाच्या दिवसांत तपासणीचे उत्तर आले नाही तर दुकानदार विक्री करू शकतो, या तरतुदीमुळे ती त्याच्या हाती गेली. २०१७ मध्ये टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथील मारेकऱ्याला वायुदलात असताना घरगुती हिंसेबद्दल शिक्षा झाली होती. मात्र वायुदलाने ती नोंद केंद्रीय यंत्रणेकडे पाठवलीच नव्हती. भोक होते ते मुदतीत आणि नोंदवहीत. ‘तपासणी होतच नाही’ असे म्हणणाऱ्याला हे भोक कधी दिसत नाही आणि ‘सगळे चोख आहे’ म्हणणाऱ्यालाही दिसत नाही. वहीत तूट कुठे आहे हे न पाहता सगळी वहीच खोटी ठरवणारा मुनीम पेढीचे नुकसान थांबवू शकत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रत स्थिर राहण्यासाठी पाच भावना सांगितल्या आहेत: क्रोध, लोभ, भय आणि थट्टा यांचा त्याग, आणि विचारपूर्वक बोलणे. गोळीबाराची बातमी ऐकताना क्रोध आणि भय आपल्या मनात असतात, प्रेक्षक वाढवण्याचा लोभ वाहिनीच्या मनात असतो, आणि बंदुकीवरचे विनोदही त्याच मोबाइलवर फिरतात. असत्याची चारही कारणे एका जागी गोळा होतात. हरवलेली असते ती केवळ पाचवी भावना.

शस्त्र देणे हे ‘हिंसादान’ आणि चित्त गढूळ करणारे ऐकणे ही ‘दुःश्रुती’. समंतभद्राचार्यांनी या दोन्हींची गणना अनर्थदंडातच केली आहे. पहिल्यापासून आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिला. दुसरी मात्र रोज मोबाइलवर येते आणि आपण ती पुढेही पाठवतो.

यापुढे असा मजकूर आला तर तीन प्रश्न विचारावेत: हे कोणत्या राज्याविषयी आहे, विक्री दुकानदाराची की खासगी, आणि कायदा कोणत्या वर्षाचा? उत्तर मिळाले नाही तर तो मजकूर आपल्यापाशीच थांबवावा. शस्त्राला विरोध करण्याचा आपला अधिकार त्याने कमी होत नाही, उलट आपल्या शब्दाला वजन येते. ज्याचे माप खरे, त्याचे बोलणे बाजारात ऐकले जाते. अहिंसेचे बोलणेही याला अपवाद नाही.