उचल

आमच्या बीड जिल्ह्यात 'उचल' हा शब्द शाळेचे तोंड न पाहिलेल्या पोरासही ठाऊक असतो. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मजुरास मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम ती उचल. ती घेणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. माणसांची गणना हत्यारावरून व्हावी, यातच सर्व काही आले.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ही बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेस लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्येच सुरू झालेले असते. म्हणजे मुलाचे निम्मे वर्ष फडावर, धाकटे भावंड सांभाळण्यात जावयाचे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. पण हक्क काही भाकरी थापून वाढत नाही. म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. मूल आजीआजोबांपाशी गावीच राहते व त्याच्या जेवणाची सोय सरकारी खर्चाने होते. योजना उत्तम, परंतु मुलास मागे ठेवावे की न्यावे, हे आई गाडी जुंपण्यापूर्वी ठरविते. मंजुरी त्यानंतर आली तर तिचा उपयोग काय? आणि वयात आलेल्या मुलीच्या रात्रीच्या निवाऱ्याची हमी नसेल, तर तिच्या लग्नाचीच घाई होते.

एवढा खर्च कशासाठी, असे विचारणारे सुशिक्षित आम्हांस भेटतात. शेतकऱ्याच्या घामाचा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्पष्ट मांडले होते. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते धर्मादाय म्हणून नव्हे. आम्ही पदवीधर तरी कोणाच्या पैशावर शिकलो? ती आमची उचलच होती. फरक इतकाच की, आमच्या दारी वसुलीस मुकादम आला नाही.

'सगळेच शिकले तर ऊस कोण तोडील?' हा शेवटचा आक्षेप. ज्यास ते काम पत्करेल व ज्यास त्याचे योग्य मोल मिळेल, तो तोडील. आज ते काम बापाकडून मुलाकडे वारशाने जाते, आणि त्या वारशावरच साखर स्वस्त राहते. कांडे तोडण्याआधी महिनोन्महिने पैसा मोजणे यास आपण व्यवहार म्हणतो. मुलावर मोजलेला पैसा तेवढा आपणांस उपकार वाटतो. हा हिशेब आता सुधारावयास हवा.